मुलगी हॉस्टेलवर, उपचार सुरू झालेत. घरच्यांनी आता काय करायचं?

प्रश्न आटपाडी तालुक्यातल्या आईवडिलांचा आहे. मुलगी १९ वर्षांची, सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. दोन महिने झोप नाही, जेवण कमी, प्रॅक्टिकलना दांड्या. कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, डिप्रेशनचं निदान झालं, एसिटालोप्रामची गोळी सुरू होऊन दहा दिवस झालेत. घरच्यांना विचारायचंय की तिला घरी आणावं का, गोळ्यांची सवय लागेल का, पाहुण्यांना काय सांगायचं, पुढं लग्नाचं काय, आणि आम्ही नेमकं करायचं तरी काय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. निदान, औषध आणि समुपदेशन ही कामं ज्यांची त्यांच्याकडे आहेत. घरच्यांचं काम आहे उपचार मधेच मोडू न देणं. या वयातले उपचार बहुतेकदा तीन ठिकाणी मोडतात: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, सणासुदीला घरी आल्यावर, आणि बरं वाटायला लागल्यावर. आणि तिन्ही वेळा ते बऱ्याचदा घरच्यांच्या काळजीपोटीच मोडतात, हे आधी नीट लक्षात घ्या.

तुमची मुलगी आत्ता पहिल्या टप्प्यात आहे. या जातीच्या गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. मळमळ, डोकं जड होणं, पोट बिघडणं, झोप आणखी विस्कटणं, हे पहिल्या आठ-पंधरा दिवसांत होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होतं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. म्हणजे दहाव्या दिवशी तिचा फोन येईल तो असाच असणार: ‘आई, गोळीनं नुसती मळमळतंय, फरक तर काहीच नाही.’ यावर आईच्या तोंडून सहज निघतं, ‘मग नको घेऊस गं, बंद कर.’ उपचार इथंच मोडतो. त्याऐवजी म्हणा, ‘डॉक्टरांना उद्या सकाळी फोन कर, नाहीतर आम्ही करतो. ते सांगेपर्यंत चालू ठेव.’ मळमळीवर जेवणानंतर गोळी घेणं, झोप उडत असेल तर वेळ रात्रीची सकाळवर नेणं, असे साधे बदल डॉक्टर फोनवरही सांगू शकतात. सुरुवात बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमने करून आठवड्याने १० करतात. डोस वाढला म्हणजे आजार वाढला असं नाही. शरीराला सवय व्हावी म्हणून आधी कमी दिलेला असतो.

सवयीबद्दल. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी ओढ लागत नाही, डोस आपसूक वाढवत न्यावा लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असा त्रास होतो. हा त्रास बघून लोक म्हणतात, ‘बघा, सवय लागली.’ तसं नसतं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी केल्या की तो बहुधा टळतो किंवा सौम्य राहतो. सवय लागू शकते ती दुसऱ्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या सुरुवातीला दोन-चार आठवड्यांपुरत्या देतात. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून त्या परस्पर आणत राहणं ही मोठी चूक. तिच्या चिठ्ठीत अशी एखादी गोळी असेल तर ती किती दिवसांसाठी आहे, हे पुढच्या भेटीत स्पष्ट विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

आता जे बोलायला सगळ्यांना जड जातं ते. २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर अस्वस्थता वाढून जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. हे प्रमाण थोडं आहे आणि म्हणून औषध टाळायचं नसतं, पण लक्ष ठेवावं लागतं. लक्ष ठेवण्याचा मार्ग म्हणजे सरळ विचारणं. ‘कधी जगूच नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं डोक्यात भरतं, ही भीती खोटी आहे. उलट बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. शब्द फिरवू नका. ‘तसलं काही मनात आणत नाहीस ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे तिला कळतं.

ती ‘हो’ म्हणाली तर रडू नका, शपथा घालू नका, ‘आमचा विचार कर’ म्हणू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि पुढचं करा. तिला एकटं सोडायचं नाही. सांगलीत पोचायला तुम्हाला दोन-अडीच तास लागणार, तोवर मैत्रीण किंवा रेक्टर तिच्याजवळ बसून राहतील अशी व्यवस्था करा. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रात्र असेल, डॉक्टर भेटत नसतील, तर सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, अपघात विभागात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आईवडीलसुद्धा फोन करू शकतात. हा नंबर आजच दोघांच्या मोबाइलमध्ये आणि तिच्या मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. कुणी विषारी औषध घेतलंच, तर पोलिसांत प्रकरण जाईल या धास्तीनं माणसं दवाखान्याऐवजी घरीच मिठाचं पाणी पाजत बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याला गुन्हेगार धरायचं नसतं. वेळ घालवू नका.

तुमची डाळिंबाची बाग आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हा मुद्दा जरा सविस्तर. फवारणीचं औषध घरात नको. आटपाडी असो, तासगावची द्राक्षं असोत, कोरेगाव-कराडचा ऊस असो, उरलेली अर्धी बाटली न्हाणीच्या फळीवर नाहीतर जिन्याखाली ठेवलेली असते. जीव देण्याचे विचार बऱ्याचदा लाटेसारखे येतात आणि ओसरतात. त्या तासा-दोन तासांत जवळ काय सापडतं यावर जीव वाचणं-न वाचणं ठरतं. त्यामुळे शेतातल्या शेडमध्ये लोखंडी पेटी, तिला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे आणि ती खुंटीला न टांगता खिशात. लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं घरी आणायचं नाही. मुलगी सुट्टीला येण्याआधी घर, गोठा, मोटारीची खोली बघून घ्या. ‘तिच्यासाठी करतोय’ असं जाहीर करायची गरज नाही, घरात लहान मुलं असतील तर तेही कारण पुरेसं आहे.

गोळ्यांचंही तसंच. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून तिच्या कपाटात ठेवू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिच्याजवळ एका आठवड्याच्या, फार तर पंधरा दिवसांच्या असाव्यात. बाकीच्या तुमच्याकडे. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही कुलपात हव्यात. त्या जास्त घेतल्या तर घातक ठरू शकतात, पण त्या उघड्या पेटीत पडून असतात.

रोजच्या फोनवर काय बोलायचं, हा लहान वाटणारा पण फार उपयोगाचा भाग आहे. ‘बरं आहे ना आता?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर ‘हो’ ठरलेलं असतं आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा: काल झोप किती वाजता लागली? सकाळी जाग कधी आली? मेसला दोन्ही वेळा गेलीस का? खोलीबाहेर कुठं गेली होतीस? पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं हे डिप्रेशनचं नेहमीचं लक्षण आहे. झोप सुधारायला लागली की ती ‘काही फरक नाही’ म्हणत असतानासुद्धा तुम्हाला फरक दिसेल. चारही प्रश्न रोज नकोत, दोन पुरेत; नाहीतर ती चौकशी होते. वेळ एकच ठेवा, समजा रात्री जेवणानंतर साडेआठ, आणि दहा मिनिटांत आटपा. उरलेल्या वेळात घरातलं सांगा: गाय व्याली, पाण्याची पाळी आली, धाकट्यानं शाळेत काय केलं. आजारापलीकडची मुलगी तुमच्या बोलण्यात शिल्लक राहू दे. फोन स्पीकरवर ठेवून आजी-काकूंना बसवू नका. दिवसातून पाच-सहा फोन केले की मुलं उचलणंच बंद करतात, आणि मग खरोखर गरज असेल तेव्हाही उचलत नाहीत.

ती १९ वर्षांची आहे, म्हणजे कायद्यानं सज्ञान. डॉक्टर आणि समुपदेशक तिच्या परवानगीशिवाय तिचं बोलणं तुम्हाला सांगणार नाहीत. ते तुम्हाला डावलत नाहीत, कायद्यानं त्यांना ते बंधन आहे, आणि गुप्तता आहे म्हणूनच मूल तिथं खरं बोलतं. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र घरच्यांना कळवण्याची मुभा त्यांना असते. उलट बाजूनं, तुम्ही डॉक्टरांना हवं ते सांगू शकता. तिच्यासमोर, तिला कल्पना देऊन सांगा. पुढच्या भेटीला एक कागद न्या: त्रास कधीपासून, वजन किती कमी झालं, आधी असं कधी झालं होतं का, रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार, व्यसन किंवा आत्महत्या आहे का, थायरॉइड, पाळीची तक्रार, चालू असलेली इतर औषधं. नात्यातली गोष्ट बऱ्याच घरांत मुलांनाच माहीत नसते. आत्याला पूर्वी ‘झटके’ यायचे, मामा आठ-आठ दिवस न झोपता पैसे उधळायचा, हे आईवडिलांनाच ठाऊक असतं आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं ते सोन्यासारखं असतं. कारण बायपोलर आजारात, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह अशा आजारात, नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो: झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, भरमसाठ बेत. असं दिसलं तर ‘चला, बरी झाली’ म्हणून आनंद मानू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कानात आवाज येणं, सगळे माझ्याविरुद्ध आहेत असा पक्का संशय, हेही याच वयात सुरू होतं. तिथं तर एक आठवडाही थांबू नये.

तिच्याशी एवढं ठरवून घ्या की तीन गोष्टी घरी कळतील: पुढची तारीख, गोळीचं नाव आणि डोस, आणि धोक्याचं काही असेल तर ते. बाकी तिचं तिच्याकडे. समुपदेशनाहून परतल्यावर ‘काय काय बोललीस?’ हे विचारायचं नाही. ‘पुढची वेळ कधीची आहे?’ एवढंच. ‘नुसतं बोलून काय होतं, हजार रुपये गेले’ असं तर कधीच नाही. साधारण पाऊण-एक तासाच्या, आठवड्याला एक अशा आठ ते सोळा बैठकींचा तो क्रम असतो. पहिल्या दोन-तीन ओळख आणि प्रश्न समजण्यातच जातात, काम नंतर सुरू होतं. पैशाची खरंच ओढाताण असेल तर लपवू नका. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या यंत्रणेत हे उपचार नाममात्र खर्चात होतात. साताऱ्याकडच्या पालकांसाठी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. कॉलेजातली समुपदेशनाची सोय बंद पडली तर प्राचार्यांना लेखी विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे.

उपचार मोडण्याचं दुसरं ठिकाण, सणाला घरी येणं. गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. ती गोळी लपवून घेते, मग घेतच नाही, पाच दिवस चुकतात आणि सहाव्या दिवशी चक्कर येते. तुम्ही एकच करा: तिला रात्री जेवणानंतर पाच मिनिटं एकटीला मिळतील अशी जागा आणि पाण्याचा तांब्या. ‘गोळी घेतली का गं?’ असं चार माणसांत ओरडून विचारू नका. गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही, औषधानं उपवास मोडत नाही. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. या गोळीला फार अडचण नाही, पण कुणाला लिथियम (बायपोलर आजारातली गोळी) चालू असेल तर पाणी आणि मीठ कमी पडून ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

घरी आली की कुणीतरी ‘बाहेरचं बघून घ्या’ म्हणणारच. खरसुंडीला सिद्धनाथाच्या पाया पडायला जायचं असेल तर तिची इच्छा असल्यास जा, त्यात वाद घालत बसू नका. श्रद्धेनं धीर मिळतो. पण जो देवऋषी ‘आधी डॉक्टरच्या गोळ्या बंद करा’ म्हणेल तिथून उठा. आणि भूत काढतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

पाहुण्यांना काय सांगायचं, हे तिला विचारून ठरवा. ‘तब्येत बरी नव्हती, औषध चालू आहे’ हे खरं आणि पुरेसं आहे. घरातल्या एकाच विश्वासाच्या माणसाला सगळं माहीत असू द्या, म्हणजे तुम्ही दोघं आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर अडत नाही. लग्नाचं म्हणाल, तर उपाय म्हणून लग्न हा विचार डोक्यातून काढून टाका. नवं घर, नवी माणसं, अपुरी झोप यांचा ताण बऱ्या माणसालाही जड जातो. आणि आजार लपवून लग्न केलं की सासरी कळू नये म्हणून मुली पहिल्याच आठवड्यात गोळ्या सोडतात आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा अंथरूण धरतात. तिला आधी डिग्री पुरी करू द्या.

तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं आहे. दोन-अडीच महिन्यांनी ती हसायला लागेल, जेवेल, अभ्यासाला बसेल, आणि वडील म्हणतील, ‘आता कशाला रोज रोज गोळ्या?’ पूर्ण बरं वाटल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि हा त्रास आधी एकदा होऊन गेला असेल तर त्याहून जास्त. मधेच सोडलं तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. बंद करायचं झालं तर परीक्षेच्या तोंडावर नको, आणि दिवाळीच्या गडबडीतही नको. डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवड्यांत कमी करत न्यायचं.

अभ्यासाचं थोडक्यात. हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. कमी पडणार असं दिसताच वर्गशिक्षकांना भेटा, शेवटच्या आठवड्यात नव्हे. प्रमाणपत्रावर ‘उपचार सुरू आहेत, या तारखेपासून या तारखेपर्यंत विश्रांतीची गरज होती’ एवढं पुरतं, आजाराचं नाव लिहायची गरज नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. एक-दोन विषय राहिले तर राहू द्या. आख्खं वर्ष सोडणं हा शेवटचा पर्याय.

आणि घरी आणावं का? ती स्वतःच्या जिवाचं काही करेल असा धोका असेल, जेवण जवळजवळ बंद असेल, किंवा तिलाच यायचं असेल तर हो. नसेल तर कॉलेज सोडवून आणू नका. डिप्रेशनमध्ये माणूस सगळं टाळत जातो आणि टाळल्यानं उदासी आणखी घट्ट होते. सकाळी उठून मेसला जाणं, एका तासाला तरी बसणं, मैत्रिणीबरोबर संध्याकाळी चक्कर मारणं हा उपचाराचाच भाग आहे. घरी दिवसभर खाटेवर पडून मोबाइल बघण्यात ते सुटतं. त्यापेक्षा पहिले सहा आठवडे तुमच्यापैकी एकानं दर शनिवारी किंवा रविवारी सांगलीला जावं. डबा न्या, गोळ्यांची पुढच्या आठवड्याची पट्टी द्या, उरलेल्या मोजा, आणि तासभर तिच्याबरोबर चाला. बोलली तर ऐका, नाही बोलली तरी चाला.

ती थोडी सावरली की अशाच एखाद्या रविवारी तिच्याकडून एक कागद लिहून घ्या. पुन्हा घसरायला लागली तर आधी काय होतं, तिच्या शब्दांत: ‘केस विंचरायचा कंटाळा येतो, मेसेजना उत्तर देत नाही, तीनला जाग येते.’ खाली डॉक्टरांचा नंबर, १४४१६, आणि घरच्यांनी तेव्हा काय करावं आणि काय करू नये, तेही तिनंच लिहायचं. एक प्रत तिच्याकडे, एक तुमच्याकडे औषधांच्या फायलीत.